रंगाखालचे लोखंड

चांगल्या लोखंडावर हातोडीने हलकेच ठोकले तर ते खणखणते; आतून गंजलेल्या लोखंडावर ठोकले तर भिजलेल्या लाकडावर ठोकावे तसा बद्द आवाज येतो. तीस वर्षे शाळेत मूल्यशिक्षणाचे तास घेणाऱ्या मला ही साधी गोष्ट निवृत्तीनंतर, २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, एका गॅरेजच्या अंगणात गुडघे टेकून गाडीखाली पाहताना कळली. त्याच दिवशी आणखीही एक गोष्ट कळली. ती माझ्याविषयीची होती आणि ती सांगणे तितकेसे सोपे नाही.

गाडी माझ्या थोरल्या भावाची, दादाची. २००६ साली बनलेली ही मालवाहू पिकअप त्याने २०१५ साली जुनी म्हणून विकत घेतली होती. पहाटे बंदरावरून मासळीचे क्रेट उचलायचे, मुंबईच्या बाजारात पोचवायचे आणि परतताना मिळेल तो माल आणायचा, असा त्याचा आठ वर्षांचा क्रम होता. वसईच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना मिठाची ओळख करून द्यावी लागत नाही. खारा वारा आपल्या खिडक्यांचे गज खातो, दाराच्या बिजागऱ्या खातो, विहिरीवरच्या पंपाची पेटी खातो. मासळीच्या गाडीचे नशीब त्याहून वाईट. क्रेटमधला बर्फ वितळतो, त्यात मासळीचे खारे पाणी मिसळते आणि ते हौद्याच्या फटींतून थेट खाली चासीवर ठिबकत राहते. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतोच. पण पाण्यात मीठ असले की तेच काम कितीतरी वेगाने होते.

चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. जमिनीवर आडवी टाकलेली लोखंडी शिडी डोळ्यांसमोर आणावी: दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. इंजिन, केबिन, हौदा, पाटे, चाके, सारे काही या शिडीच्या आधारावर उभे असते. दादाच्या गाडीच्या तुळया पेटीसारख्या पोकळ आणि चारही बाजूंनी बंद होत्या. अशा तुळईची मोठी अडचण ही की, तिच्या भोकांतून आत गेलेला चिखल आणि खारे पाणी तिथेच साचून राहते. बाहेरचा रंग शाबूत दिसत असतो आणि आतून लोखंड पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत असते.

दादाची साठी केव्हाच उलटली होती. पहाटे तीनला उठणे गुडघ्यांना झेपेना, तेव्हा त्याने गाडी विकायचे ठरवले. नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे शुल्कही भरायचे होते. पूर्वेकडच्या एका पाड्यावरचा तरुण गिऱ्हाईक म्हणून आला. एक लाख सत्तर हजारांना सौदा ठरला आणि त्याने दहा हजारांचा इसार दिला. भाजीपाला वाहायचा आणि हंगामात वीटभट्टीवर मजुरांची ने-आण करायची, असा त्याचा बेत होता. मालाच्या हौद्यात माणसे बसवणे कायद्याला धरून नाही. पण आपल्या रस्त्यांवर माणसे तशीच बसून जातात, हे आपण सारेच रोज पाहतो.

व्यापारी वाहन जुने झाले की दरवर्षी त्याची तपासणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे तिला पासिंग म्हणतात. ते जवळ आले होते म्हणून दादाने गाडी गॅरेजला नेली आणि मी सोबत गेलो. मिस्त्री गाडीखाली सरपटला आणि हातोडीने तुळई ठोकत पुढून मागे गेला. खण, खण, खण. आणि मागच्या पाट्यांचे पुढचे टोक जिथे चासीला जोडलेले असते त्या जागी एकदम बद्द. त्याने पेचकसाने तिथला काळा रंग खरवडला. रंगाखाली पुट्टी निघाली. पुट्टीखाली पातळ पत्र्याचा तुकडा निघाला, चार ठिकाणी टाके मारल्यासारखा वेल्डिंगने चिकटवलेला. पत्रा उचकटताच आतून ओंजळभर लालसर माती आणि गंजाचे पापुद्रे खाली पडले. तुळईला मूठ जाईल एवढे भोक होते.

“हे आजचं नाही, दादा,” मिस्त्री म्हणाला. “तुम्हाला विकली ना, तेव्हाचं आहे हे.”

दादा काहीच बोलला नाही. मिस्त्रीने दोन मार्ग सांगितले. पहिला मार्ग दोन दिवसांचा आणि सहा हजारांचा: भोकावर नवा पत्रा, त्यावर पुट्टी, त्यावर काळा रंग. वरून कोणाला काही दिसणार नाही. दुसरा मार्ग दोन-तीन आठवड्यांचा: तुळई दोन्ही बाजूंनी कापून उघडायची, सडलेले सारे काढून टाकायचे आणि त्याच जाडीचे नवे लोखंड बसवायचे. खर्च चाळीस हजारांच्या पुढे. नक्की किती, ते उघडल्यावरच कळणार.

आणि इथे, वाचकहो, मला माझे शब्द जसेच्या तसे लिहिले पाहिजेत. मी म्हणालो, “दादा, पहिलाच मार्ग धर. घेणारा काय लहान आहे? बघूनच घेईल ना.”

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. आवाज न चढवता तो म्हणाला, “मास्तर, बघून घेईल म्हणता, पण आपण रंग लावणार तो त्याला दिसू नये म्हणूनच ना?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दादाने मात्र माझी बाजू उचलून धरली. “मला तरी कोणी सांगितलं होतं?” तो म्हणाला. त्या वाक्यात कडवटपणा होता आणि तो खोटा नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मिस्त्रीचा प्रश्न आणि दादाचा प्रश्न, दोन्ही मनात फिरत राहिले. हे प्रश्न काही आपल्या पिढीने शोधून काढलेले नाहीत. रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एक घर विकणारा माणूस येतो. घर रोगट आहे, त्याच्या लाकडात दोष आहे, निजायच्या खोल्यांत साप निघतात. आणि हे मालकावाचून कोणालाच ठाऊक नाही. त्याने ते सांगावे की नाही? सिसेरो दोन ग्रीक तत्त्वज्ञांना समोरासमोर उभे करतो. एक म्हणतो, विकणाऱ्याने घ्यायची जबरदस्ती केलेली नाही. आवडले म्हणून घेणाऱ्याने घेतले, मग फसवणूक कुठे झाली? दुसरा म्हणतो, वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवणे जर दोष असेल, तर जाणूनबुजून एखाद्याला खड्ड्यात जाऊ देणे हा त्याहून मोठा दोष आहे. सिसेरोचा कौल दुसऱ्याच्या बाजूने पडतो. प्रत्येक मौन ही लबाडी नव्हे, हे त्याला मान्य आहे. परंतु जे आपल्याला ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक होऊ नये, अशी इच्छा आपल्या लाभासाठी बाळगणे, यालाच तो लपवणे म्हणतो. मिस्त्रीने सिसेरो वाचलेला नव्हता. पण त्याने मला विचारलेला प्रश्न तोच होता.

तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्वायनस यांनी आपल्या ‘सुमा थिऑलॉजिए’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रश्न खर्ची घातला आहे. दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या खंडातला तो सत्त्याहत्तरावा प्रश्न. तिथले विवेचन वाचताना हा संत बाजारात हिंडलेला असावा असे वाटते. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल आणि विकणाऱ्याने त्या मानाने किंमत उतरवली असेल, तर त्याने तोंडाने दोष सांगितलाच पाहिजे असे नाही. घेणाऱ्यालाही डोळे आहेत. परंतु दोष जर लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल, तर तो न सांगता विकणे हा कपटाचा व्यवहार ठरतो आणि विकणारा भरपाईला बांधील राहतो. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे, पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकणे, ही त्यांची उदाहरणे. आज ते लिहायला बसते, तर गंजलेली चासी त्यांच्या यादीत बसायला हरकत नव्हती.

याच प्रश्नात आणखी एक बारकावा आहे आणि दादाच्या कडवट वाक्याचे उत्तर मला त्यात सापडले. विकणाऱ्याला दोष ठाऊकच नसेल, तर विकण्यात त्याचे पाप नाही, असे संत थॉमस म्हणतात. पण दोष कळल्यावर मात्र भरपाईचे बंधन त्याच्यावर येते. म्हणजे कर्तव्याची सुरुवात ठाऊक होण्यापासून होते. आठ वर्षे दादा निष्पाप होता. हातोडीचा तो बद्द आवाज ऐकल्यानंतर आम्ही दोघेही निष्पाप राहिलो नव्हतो. बाजारातून आपल्या हाती खोटी नोट आली, तर आपण फसलेले असतो; तीच नोट आपण संध्याकाळच्या गर्दीत दुसऱ्या कोणाच्या हातावर ठेवली, की फसवणारे होतो. आपल्यावर झालेला अन्याय पुढच्या माणसाकडे सरकवण्याचा हक्क त्या अन्यायातून मिळत नाही.

तर्काने एवढे पटले. पण माणसे तर्काने वळत नाहीत, हेही खरे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा माझ्याकडे आला तो वेगळेच काही घेऊन. “अरे,” तो म्हणाला, “धाकट्या नातवाला शेजारी बसवून मी किती वेळा हायवेनं गेलोय. मागे टनभर माल. रात्रभर तेच डोळ्यांसमोर येत होतं.” थोडा वेळ तो तसाच बसून राहिला. मग म्हणाला, “त्या पोराच्या गाडीतही कोणीतरी बसणारच ना.”

दादाच्या या वाक्यात एक गोष्ट आली, जी सौद्याचा विचार करताना आपल्या नजरेतून निसटते. सौदा दोघांत होतो. घेणारा आणि देणारा. परंतु चासी तुटते तेव्हा तिची किंमत मोजणारे लोक सौद्याच्या जागी हजर नसतात. हौद्यात बसलेली मजूर बाई किंवा समोरून सायकलवर येणारा शाळकरी मुलगा, यांनी भाव केलेला नसतो, इसार दिलेला नसतो, गाडी ‘बघून घेतलेली’ नसते. घेणारा डोळे मिटून धोका पत्करायला तयार असला, तरी या माणसांच्या वतीने तो पत्करण्याचा अधिकार त्याला नाही आणि विकणाऱ्यालाही नाही.

गुजरातेत मोरबी येथे मच्छू नदीवरचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला आणि १३५ माणसे मरण पावली. तो पूल दुरुस्तीनंतर अवघ्या चार दिवसांपूर्वी, २६ ऑक्टोबरला, लोकांसाठी खुला झाला होता. नंतरच्या तपासात आढळले की, मुख्य दोरखंडाच्या ४९ तारांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या आणि दुर्घटनेपूर्वीच तुटलेल्या असाव्यात. पायाखालची जमीन नवी होती. ज्याच्या आधारावर ती टांगलेली होती तो दोरखंड जुनाच होता. सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन आलेल्यांनी नवी जमीन पाहिली आणि पाऊल टाकले. दोरखंड तपासून पाहणे हे त्यांचे काम नव्हते.

मग प्रश्न उरतो तो पैशांचा. आणि तो क्षुद्र मानण्याचे कारण नाही. हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला कसा सुटला, ते पाहिले तर त्याचे खरे रूप कळते. अमेरिका आणि कॅनडा या देशांत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याचे प्रमाण वर्षाला कोट्यवधी टनांच्या घरात जाते. तिथे शेतकऱ्यापासून सुतारापर्यंत अनेकांकडे पिकअप असते आणि ते खारे पाणी तिच्या चासीवर उडत राहते. टोयोटा कंपनीच्या टॅकोमा या पिकअपच्या चासी अकाली गंजत असल्याच्या तक्रारी तिथे वाढल्या. २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० या वर्षांतल्या गाड्यांसाठी चासीच्या गंजाची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढवली आणि फार खराब झालेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किमतीने परत घेतल्या. पुढच्या काही वर्षांतल्या गाड्यांबाबत न्यायालयात दावा गेला आणि २०१६ साली तडजोड झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही. पण सुमारे पंधरा लाख गाड्यांची तपासणी करायची आणि जिथे गरज असेल तिथे पूर्ण चासीच बदलून द्यायची, असे ठरले. या तडजोडीचे मोल ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जाईल, असा तेव्हा अंदाज होता.

हा खर्च उचलायला तिथे एक बलाढ्य कंपनी होती, वकील होते, न्यायालय होते. एकेका मालकाला एकट्याने खरेपणाची किंमत मोजावी लागली नाही. इथे, वसईच्या एका घरात, तो सारा भार एका माणसावर, म्हणजे खरे तर एका कुटुंबावर येणार होता. दादाने निर्णय सांगितला तेव्हा वहिनी चुलीपाशी होती. ती म्हणाली, “बरं आहे. खरं तुम्ही बोलायचं आणि किंमत माझ्या पाटल्यांनी द्यायची.” हे वाक्य मी विसरलेलो नाही. प्रामाणिकपणाचे गोडवे गाताना त्याचा खर्च कोणाच्या हातातून जातो हे आपण विचारत नाही. तिच्या बोलण्यात तक्रार होती, नकार नव्हता. दोन दिवसांनी तिने पाटल्या स्वतःच काढून दिल्या.

काम सुरू झाले. ते मी रोज जाऊन पाहिले, कारण आता मला ते पाहणे भाग होते. मिस्त्रीने प्रथम बॅटरीची तार सोडली आणि डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवली. पुढे-मागे लाकडी ठोकळे देऊन गाडी अशी तोलून धरली की, तुळई कापल्यावर सांगाडा झुकू नये. मग फितीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी मापे घेतली. दोन्ही मापे सारखी भरली म्हणजे शिडी चौकोनात आहे. काम संपल्यावर तीच मापे पुन्हा घ्यायची असतात. त्यानंतर कटर चालू झाला. भोकाच्या कडेचे लोखंड कागदासारखे पातळ होते. त्यावर वेल्डिंग धरत नाही. ज्योत लागताच ते विरघळून भोक मोठे होते. म्हणून कापत जायचे, जोवर जाड आणि पांढरे चकचकीत लोखंड लागत नाही तोवर. डाव्या बाजूला चार बोटांवर चांगले लोखंड लागले. उजव्या बाजूला मिस्त्री कापतच गेला. दोन फूट झाले. दादाचा चेहरा पाहवत नव्हता. “थांबू का?” मिस्त्रीने एकदा विचारले. दादा म्हणाला, “मध्येच थांबून काय उपयोग?”

नव्या पट्टीची टोके त्याने सरळ उभी न कापता तिरपी कापली. कारण विचारल्यावर म्हणाला की, सरळ जोड दिला तर सारा ताण एकाच रेषेवर येतो आणि तुळई पुढे कधीतरी त्याच रेषेवर तडकते. तिरप्या जोडावर ताण वाटला जातो. वेल्डिंगही एका दमात केले नाही. थोडे इथे, थोडे तिथे, मध्ये थंड होऊ देत. नाहीतर उष्णतेने तुळई वाकते. शेवटी प्रायमर, रंग आणि पोकळीच्या आत दाट तेल.

मला वाटले होते की, झाकणे आणि दुरुस्त करणे या दोन फार वेगळ्या क्रिया आहेत. प्रत्यक्षात दोन्हीला लागणारे सामान बरेचसे सारखेच असते. दोन्हीत पत्रा असतो, वेल्डिंग असते आणि शेवटी तोच काळा रंग असतो. फरक असतो तो चांगले लोखंड लागेपर्यंत कापण्याची तयारी आहे की नाही, यात. आणि झालेले काम दुसऱ्याला दाखवता येते की नाही, यात. जुने सांधून वापरणे हा गरिबाचा दोष नाही. तो त्याचा संसार आहे. आपल्या आजीच्या गोधडीत ठिगळांवाचून दुसरे काय होते? पण गोधडीवरचे ठिगळ उघड्यावर असते. ते कोणाला फसवत नाही आणि म्हणूनच ते ऊब देते.

तुळई उघडी होती तेव्हाच दादाने त्या तरुणाला बोलावून घेतले. मी म्हटले होते की, निदान काम पूर्ण होऊ दे, मग दाखव. त्याने ऐकले नाही. तरुण आला, वाकला, कापलेल्या तुकड्याच्या भोकात त्याने बोट घातले. “आता किती वर्षं चालेल?” त्याने विचारले. मिस्त्री म्हणाला, “निम्मा माल भराल तर चालेल. किती वर्षं, ते मी सांगू शकत नाही. माणसं मात्र बसवू नका.” दादाने किंमत एक लाख वीस हजारांवर आणली. तरुणाने विचार करायला आठवडा मागितला, आठवड्याने येऊन इसार परत घेतला आणि आभार मानून गेला.

गोष्ट इथे संपली असती, तर तिचा शेवट समाधानाचा म्हणता आला असता. पुढे कळले की, त्याने दुसरीकडून एक जुनी पिकअप घेतली. ती मी रस्त्यात पाहिली. रंग अगदी नवा होता. तिची चासी कोणी ठोकून पाहिली होती की नाही, मला ठाऊक नाही. तो इथे आला होता, आम्ही त्याला दाखवले होते. कुठे ठोकायचे हे तरी तो शिकून गेला असेल, एवढीच आशा मी धरतो. एका माणसाच्या खरेपणाने बाजार शुद्ध होत नाही. तरीही त्या बाजारात आपण घातलेली एक खोटी वस्तू कमी होते, एवढे मात्र होते.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने पृथ्वीवरच्या ज्या धनाला कसर आणि गंज लागतो त्याविषयी सांगितले आहे. तिथे ‘गंज’ म्हणून ज्याचे भाषांतर होते, त्या मूळ ग्रीक शब्दाचा, ब्रोसिसचा, अर्थ आहे ‘खाणे’. आपणही मराठीत म्हणतोच की, लोखंडाला गंजाने खाल्ले. याकोबाच्या पत्रात तर गंज साक्षीदार होऊन येतो: धनवानांच्या साठवलेल्या सोन्याचांदीवरचा गंज त्यांच्याविरुद्ध साक्ष देणार आहे. पूर्वी हे वाचताना तिजोरी डोळ्यांसमोर येत असे. आता ओंजळभर लाल माती येते. साक्ष ती देतच असते; आपण तिच्यावर रंग फासून तिला गप्प करू पाहतो.

दादाने गाडी ठेवली. तो आता पहाटे बंदरावर जात नाही; सकाळी उजाडल्यावर वाडीतली पालेभाजी आणि फुले घेऊन जवळच्या बाजारापर्यंत जातो आणि निम्म्याहून अधिक माल भरत नाही. एकूण खर्च शेहेचाळीस हजारांवर गेला. मी त्यातले पंधरा हजार दिले. दादा घेत नव्हता. मी त्याला म्हटले की, सहा हजारांत काम उरकण्याचा सल्ला माझा होता. तुझ्या खर्चात निदान एवढा वाटा तरी माझा असू दे. २०२४ च्या नाताळाआधी वहिनीच्या पाटल्या सुटून घरी आल्या.

हे पंधरा हजार सांगण्यामागे मोठेपणा मिरवण्याचा हेतू नाही. वहिनीच्या त्या वाक्याला मला सुचलेले उत्तर एवढेच आहे. आपण आपल्या मुलांना, शेजाऱ्यांना, दुकानदारांना खरे बोला म्हणून सांगतो. खरे बोलल्यावर त्यांना जे सोसावे लागते त्यातले आपण काही उचलत नाही. ज्या गावात खरेपणाचा सारा खर्च एकाच घरावर पडतो, त्या गावात रंगाचे डबे अधिक खपणार, यात नवल काय? ताण एकाच रेषेवर येऊ देऊ नये, असे मिस्त्री तुळईविषयी म्हणाला होता. माणसांविषयीही ते खरे असावे.

निघताना मिस्त्रीने दादाला तुळईच्या खालच्या बाजूची छोटी भोके दाखवली. आत गेलेले पाणी निथळून जावे म्हणून ती मुळातच ठेवलेली असतात. आमच्या गाडीची ती आधीच्या रंगाने आणि चिखलाने बुजली होती. “दर महिन्याला तारेनं मोकळी करा,” तो म्हणाला. दादा ते न चुकता करतो. कधी मी गेलेलो असलो, तर तार माझ्या हातात देतो.